शब्दचर्चा : ‘गायक-गीतकाराचा अत्यंत वैयक्तिक अल्बम’, यातले किती शब्द चुकतात?

अनुस्वार
संगीत-परिचयांत हल्ली इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली अशी मराठी सर्रास वाचायला मिळते. वाक्य मुद्दाम रचलंय, त्यामागे कुणी खरी गायिका शोधू नका.

‘या गायिका-गीतकाराचा अत्यंत वैयक्तिक असा नवा अल्बम म्हणजे एक कबुलीजबाब आहे. चार ट्रॅकवर मुद्रित केलेल्या या अल्बममध्ये तिचा आवाज कच्चा आणि कोरडा आहे. कोरसमध्येही ती एकटीच गाते आणि निर्मातीही तीच आहे.’

एकही शब्द अनोळखी नाही, तरी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भलताच अर्थ निघतो. माझी मुख्य अडचण ‘गायक-गीतकार’, ‘वैयक्तिक’ आणि ‘कबुलीजबाब’ या तिघांची आहे. बाकीच्यांवरही लिहा.

धातुमातु
‘गीतकार’पासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. मराठीत गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा. चाल लावणारा तो संगीतकार. श्रेयनामावली आपण ‘गीत, संगीत, स्वर’ अशी तीन खणांत लिहितो आणि भावगीतात बहुतेक वेळा त्या तीन खणांत तीन वेगळी नावं असतात. इंग्रजी ‘साँगरायटर’ मात्र पहिले दोन्ही खण एकदम भरतो, त्याने शब्दही केलेले असतात आणि चालही. त्यामुळे ‘गायिका-गीतकार’ लिहिलं की मराठी वाचक साहजिकच विचारतो, मग संगीत कुणाचं?

या दोन कामांना आपल्याकडे जुनी नावं आहेत. तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथात शार्ङ्गदेव शब्दांना मातु आणि गेय भागाला, म्हणजे चालीला, धातु म्हणतो, आणि दोन्ही करणाऱ्याला वाग्गेयकार : ‘वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः’. दुसऱ्याच्या धातूवर मातु रचणाऱ्यासाठी त्याच्याकडे कुट्टिकार हा वेगळा शब्द आहे. तयार चालीवर तिच्या मापात शब्द बसवून देणारे आजचे सगळे गीतकार या हिशेबाने कुट्टिकार ठरतात. (त्यांना तसं म्हणून पाहू नये.)

अनुस्वार
मग ‘वाग्गेयकार’च का वापरू नये? अर्थ तर नेमका बसतो.

धातुमातु
अर्थ बसतो, वजन बसत नाही. कर्नाटक संगीतात तो जिवंत शब्द आहे, त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्री यांच्यासाठी रोजच्या बोलण्यातला. मराठीत तो ख्यालाच्या बंदिशींवरच्या लेखनात येतो. गिटार घेऊन गाणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला वाग्गेयकार म्हटलं तर वाचकाला थट्टा वाटेल किंवा सत्कार.

मी नाम शोधतच नाही. मजकुरात ‘स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी’ असं क्रियापदांनी सांगतो आणि श्रेयनामावलीत ‘गीत-संगीत-स्वर’ एकाच ओळीत लिहून पुढे एकच नाव देतो. आधी श्रेय तपासायचं मात्र विसरू नका. अशा अल्बममध्ये दोन-तीन गाण्यांवर सहलेखक असणं नेहमीचंच. तिथे सरसकट ‘सर्व गाणी तिचीच’ लिहिलं की चूक शब्दाची न राहता माहितीची होते.

‘स्वरचित’ हा शब्दही जपून वापरा. संगीताच्या मजकुरात डोळा आधी ‘स्वर’ वाचतो आणि मग अडखळतो. ‘स्व-रचित’ असं तोडून लिहावं किंवा टाळावा.

काठावरचा
शाहीर? लिहितो तोच, रचतो तोच, गातो तोच. मूळ अरबी ‘शाइर’ म्हणजे कवीच.

धातुमातु
कामाच्या वाटणीपुरता बरोबर. पण शाहिराचा आवाज समोरच्या गर्दीसाठी असतो आणि तो बहुतेकदा दुसऱ्याची गोष्ट सांगतो, पराक्रमाची किंवा अन्यायाची. इथे गाणं एका कानाला सांगितल्यासारखं आहे. शब्द घेतला की डफ-तुणतुणं सोबत येतं, ते परत पाठवता येत नाही.

रिकामी ओळ
‘वैयक्तिक’कडे वळते. ‘वैयक्तिक कारणास्तव रजा’, ‘वैयक्तिक कर्ज’, ‘वैयक्तिक टीका करू नये’ : मराठीत या शब्दाचा संसार असा कागदोपत्री आहे. त्यात ‘इतरांचा संबंध नाही’ हा अर्थ आहे, ‘आतून आलेलं’ हा नाही. आधी ‘अत्यंत’ लावल्याने तो अर्थ येत नाही, फक्त रजेचं कारण जास्त गंभीर वाटायला लागतं.

‘खासगी’ तर आणखी धोक्याचा. आपल्याकडे ‘खासगी अल्बम’ किंवा ‘प्रायव्हेट अल्बम’ म्हणजे चित्रपटाबाहेरची गाणी. ‘तिचा खासगी अल्बम’ याचा अर्थ वाचक ‘सिनेमासाठी नसलेला’ असाच घेणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

‘आत्मनिष्ठ’ हा समीक्षेतला शब्द, वस्तुनिष्ठच्या विरुद्ध टोकाचा. तो दृष्टिकोनाबद्दल बोलतो, मजकुराबद्दल नाही. पावसावरचं गाणंही आत्मनिष्ठ असू शकतं.

‘आत्मचरित्रात्मक’ हा तर दावाच आहे : यातल्या घटना हिच्या आयुष्यात घडल्या. कलावंताने स्वतः तसं सांगितलेलं असेल तरच लिहावा.

माझं मत ‘आत्मपर’ला. केशवसुतांपासूनच्या कवितेबद्दल लिहिताना तो रुळलेला आहे, त्याचा रोख लिहिणाऱ्याकडे आहे, आणि घटना खऱ्या असल्याची हमी तो देत नाही. ‘आत्मपर गाण्यांचा अल्बम’. आधी ‘अत्यंत’ नको. किती आत्मपर ते एखाद्या ओळीच्या उदाहरणाने दाखवावं.

अनुस्वार
पण गाण्यातली ‘मी’ म्हणजे गायिकाच ना? ‘तुका म्हणे’ मध्ये तुका तुकारामच असतो.

रिकामी ओळ
तिथे नाममुद्रा आहे, म्हणजे सहीच केलेली आहे. ‘याति शूद्र’सारख्या अभंगात तर जात, व्यवसाय, दुष्काळ, धंद्यातली तूट सगळं नाव घेऊन येतं. आजच्या गाण्यात सही नसते, नुसता ‘मी’ असतो. म्हणून ‘तिसऱ्या गाण्यात तिने घर सोडलं’ असं लिहू नये, ‘तिसऱ्या गाण्यातली मी घर सोडते’ असं लिहावं. एवढ्या बदलाने परीक्षण गाण्याचं राहतं, नाहीतर ते तिच्या संसाराचं होतं. ‘गाण्यातली मी’ सुरुवातीला विचित्र वाटतं, पण ‘निवेदिका’पेक्षा बरं. निवेदिका म्हटली की हातात माईक घेऊन सूत्रसंचालन करणारी दिसते.

आता ‘कबुलीजबाब’. समीक्षक एम. एल. रोझेंथाल यांनी १९५९ मध्ये अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल यांच्या कवितांबद्दल लिहिताना ‘कन्फेशन’ हा शब्द वापरला आणि तिथून तो कवितेला, पुढे गाण्यांना चिकटला. त्याच्या मुळाशी चर्चमधलं पापनिवेदन आहे : ऐकणारा धर्मगुरू आणि शेवटी मिळणारी क्षमा. मराठी ‘कबुलीजबाब’ मात्र पोलिस ठाण्यातून येतो. आरोपी देतो, बऱ्याचदा दिल्यावर फिरवतो. ‘हा अल्बम कबुलीजबाब आहे’ हे वाचून पहिला प्रश्न येतो, गुन्हा कोणता?

काठावरचा
‘आत्मनिवेदन’ चालेल?

रिकामी ओळ
आजच्या अर्थाने चालेल, स्वतःविषयी सांगणं. फक्त ज्यांनी दासबोध वाचलाय त्यांना हा शब्द चौथ्या दशकाच्या नवव्या समासातला आठवेल. तिथे आत्मनिवेदन ही नववी भक्ती आहे आणि तिचा अर्थ स्वतःविषयी सांगणं असा नाही, स्वतःला वाहून टाकणं असा आहे, मीपण उरतच नाही. आत्मपर अल्बमच्या बरोबर उलट. तरी सगळ्या पर्यायांत मला हाच बरा वाटतो. ‘कबुली’ हा सुटा शब्दही चालतो, ‘जबाब’ गळला की पोलिस निघून जातात. ‘या गाण्यात एक कबुली आहे’ हे स्वच्छ मराठी आहे.

मंद्र
स्टुडिओतल्या शब्दांवर मी लिहितो, त्यांचा इथे खून झालाय.

‘ट्रॅक’चे मराठीत तीन अर्थ चालू आहेत. एक, अल्बममधलं गाणं : पाचवा ट्रॅक. दोन, आधी भरून ठेवलेली साथ : ‘कार्यक्रमात ती ट्रॅकवर गायली’ म्हणजे वादक नव्हते. तीन, मुद्रणातली एक स्वतंत्र पट्टी, जिच्यावर एकच आवाज किंवा वाद्य घेतात आणि जिची पातळी नंतर वेगळी कमीजास्त करता येते. तुमच्या वाक्यात तिसरा अर्थ आहे आणि वाचक पहिला किंवा दुसरा घेणार.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ चा अल्बम ‘नेब्रास्का’ हे याचं उत्तम उदाहरण. तो चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, टीॲक १४४ वर, घरीच मुद्रित झाला. गाणी दहा आहेत. ‘चार ट्रॅकचा अल्बम’ लिहिलं की सहा गाणी गायब होतात. नेहमीच्या स्टीरिओ कॅसेटमध्ये फितीवर चार पट्ट्या असतातच, दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या. हे यंत्र चारही एकाच दिशेने वापरतं, म्हणून कॅसेट उलटायची सोय नाही. शिवाय फीत दुप्पट वेगाने पळते. साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं मावतात. गळा आणि गिटार यांत दोन पट्ट्या गेल्या की उरलेल्या दोनांवर काय घ्यायचं याचा विचार करावा लागतो, आणि तो संयम त्या गाण्यांत ऐकू येतो. आधी हा नमुनाच (डेमो) होता, बँडबरोबर पुन्हा करायचा होता, पण शेवटी कॅसेटच प्रकाशित झाली. म्हणजे ‘डेमो’ला ‘कच्चा खर्डा’ म्हणतानाही विचार करा, कधी तोच पक्का ठरतो. मराठीत लिहिताना : ‘चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर मुद्रित’.

‘कच्चा आवाज’. आपल्याकडे स्वर कच्चा लागला म्हणजे बेसूर लागला, कच्चा गळा म्हणजे तयारी नसलेला. कौतुक करायला जाऊन शिवी दिली. म्हणायचं असतं ‘न घोटलेला’, ‘अनघड’. म्हणजे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलेलं नाही, श्वास कापलेले नाहीत, टेक (एका दमात घेतलेलं गाणं) पंच करून, म्हणजे चुकलेला तुकडा पुन्हा गाऊन, जोडलेला नाही. यातलं जे खरं असेल तेच थेट लिहा.

‘कोरडा’ यात तर अर्थ पूर्ण उलटतो. स्टुडिओत कोरडा म्हणजे रिव्हर्ब न लावलेला. मराठीत कोरडा आवाज म्हणजे भावना नसलेला, ‘कोरडेपणाने म्हणाली’. आत्मपर गाण्याला कोरडं म्हणणं! रिव्हर्बसाठी आपल्याकडे ‘घुमारा’ आहे : ‘घुमारा न देता ठेवलेला आवाज’.

हा जवळिकीचा परिणाम येतो कसा तेही कळलं तर शब्द सुचतात. कार्डिऑइड माइकपासून (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) तोंड दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत आलं की खालचे स्वर फुगतात आणि आवाज छातीतून आल्यासारखा भरदार होतो. मग कंप्रेसरने मोठा-लहान आवाज सारखा केला की श्वास आणि ओठांचे आवाज वर येतात. घुमारा नाही, म्हणजे खोली नाही, म्हणजे अंतर नाही. बिघडतं तेही इथेच : फार जवळ गेल्यावर प, फ, ब, भ यांचे फटके बसतात (म्हणून मध्ये जाळीचा पॉप फिल्टर) आणि खालचा भाग घोगरा, गढूळ होतो. याला ‘कानाशी आलेला आवाज’ म्हणा.

‘निर्माती’. मराठीत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. अल्बमचा प्रोड्यूसर ठरवतो ती वाद्यं, टेक, आवाजाचा पोत. ‘संगीत संयोजन’ जवळचं आहे, पण ते वाद्यमेळापुरतं. सरळ ‘म्युझिक प्रोड्यूसर’ लिहावं, सगळे तेच म्हणतात.

अनुस्वार
कोरस राहिला.

धातुमातु
मराठीत कोरस म्हणजे मागे गाणारा समूह, म्हणून ‘कोरसमध्ये ती एकटीच’ हा विनोद होतो. इंग्रजीत तो गाण्याचा परत परत येणारा भाग. ‘मुखडा’ लिहावा तर मुखडा गाण्याच्या तोंडालाच असतो आणि अंतऱ्यानंतर त्याच्याकडे परतायचं असतं, परतण्यासाठी असते अंतऱ्याची शेवटची ओळ, जिला स्टुडिओत क्रॉस लाइन म्हणतात. इंग्रजी गाण्यात बहुधा आधी कडवं, मग हा भाग. जागा वेगळी, काम वेगळं : मुखडा दार उघडतो, कोरस म्हणजे जिथे पोचायचं ते. म्हणून मी ‘ध्रुवपद’ लिहितो, तो शब्द जागा सांगत नाही, फक्त परत येणं सांगतो.

काठावरचा
पालुपद?

धातुमातु
‘तेच पालुपद लावलंय’ ऐकलं नाहीत कधी? चांगल्या ध्रुवपदाला ते नाव नको. वाईटाला खुशाल द्या.

काठावरचा
‘अल्बम’वर कुणीच बोललं नाही. ‘ध्वनिमुद्रिका’ का नको?

मंद्र
कारण ती वस्तू आहे, तबकडी. अल्बमही आधी वस्तूच होती. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, मग पाच-सहा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधीव वहीत घालून विकत. १९४८ मध्ये लाँग प्ले आली, सगळं एका तबकडीत बसलं, वही गेली, नाव राहिलं. आज तबकडीही बहुतांशी गेली. आता उरलाय तो क्रम आणि लांबी. डिजिटल वितरणात साधारण एक ते तीन गाणी म्हणजे सिंगल, चार ते सहा आणि तीस मिनिटांच्या आत म्हणजे ईपी, त्यावर अल्बम. पाच गाण्यांच्या वीस मिनिटांना अल्बम लिहू नका.

मूळ लॅटिन ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. रोमन लोक आल्बम म्हणत ते सार्वजनिक सूचना लिहायच्या पांढऱ्या फळ्याला. आत्मपर अल्बमच्या नशिबी चव्हाटा तेव्हापासून आहे.

अनुस्वार
सगळं जमेस धरून :

‘स्वतः लिहून, चाल लावून गाणाऱ्या या गायिकेचा नवा अल्बम आत्मपर गाण्यांचा आहे. चार पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित झालेला तिचा आवाज न घोटलेला, घुमारा न देता कानाशी आणलेला आहे. ध्रुवपदालाही मागे दुसरा आवाज नाही. म्युझिक प्रोड्यूसर तीच.’

कबुलीचं वाक्य गाळलंय, कारण कोणत्या गाण्यात कसली कबुली ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

रिकामी ओळ
‘आत्मपर गाण्यांचा आहे’ नंतर एका गाण्याची एक ओळ टाका, नाहीतर तेही विशेषणच राहतं.

मंद्र
‘मागे दुसरा आवाज नाही’ लिहिण्याआधी हेडफोन लावून ऐका. बऱ्याचदा तिचाच आवाज दोनदा घेऊन एकावर एक ठेवलेला असतो. तसं असेल तर ‘मागेही तिचाच आवाज’.