नववी-दहावीच्या मुलांचं खाणं आणि घरची परिस्थिती: शाळेत पाहणी करायची तर काय विचारावं?

रानमेवा

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या मुलांच्या खाण्यापिण्याची पाहणी करायची आहे. चार तुकड्या, पट १६८. निम्मी मुलं गावातली, बाकीची आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून एसटीने नाहीतर सायकलने येणारी. घरची परिस्थिती आणि रोजचा दिनक्रम यांचा खाण्याशी काय संबंध आहे ते बघायचं आहे, आणि त्यावरून शाळेने काहीतरी बदलावं अशी मनापासून इच्छा आहे. अहवाल कपाटात पडून राहायला नको.

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा असा: वडिलांचं वार्षिक उत्पन्न. जंक फूड खाता का, हो/नाही. रोज दूध, फळं, पालेभाजी खाता का, हो/नाही. सकाळी नाश्ता करता का. दिवसाला मोबाइल किती तास. शेवटी वजन आणि उंची.

यातलं काय ठेवू, काय काढू? मुलगा किती खातो ते मोजायचं कसं?

तांदुळजा

हो/नाहीचे सगळे प्रश्न काढा. ‘पालेभाजी खाता का’ असं सरांनी विचारलं की मूल हो म्हणणार, कारण काय खाल्लेलं चांगलं हे त्याला पुस्तकातून पाठ आहे. तुमच्या हाती त्याचं पाठांतर लागेल, ताट लागणार नाही. आणि ‘जंक फूड’ म्हणजे काय हे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. भजी आणि फरसाण बहुतेक मुलं त्यात धरतच नाहीत.

त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय पोटात गेलं ते विचारा. एका वेळी एक मूल, शेजारी कुणी नको. आधी त्याला हवं तसं सांगू द्या, मध्ये टोकू नका. मग प्रत्येक खाण्याची वेळ आणि जागा लिहा. त्यानंतर विसरलेलं आठवायला लावा: चहा किती वेळा, चहाबरोबर खारी की बिस्किट, दुकानातून काय घेतलं, दुसऱ्याच्या डब्यातलं काय खाल्लं, रस्त्यात बोरं-चिंचा-ऊस-हरभऱ्याचे घाटे काही? माप अगदी शेवटी विचारा. आधीच ‘किती’ विचारलं की मूल कंटाळतं आणि यादी आखडती घेतं. एका मुलाला १५ ते २० मिनिटं लागतात.

मापासाठी १५० मिलीची वाटी, एक पळी आणि एक ग्लास टेबलावर ठेवा. भाकरीचं माप मात्र तुमच्या गावातच ठरवावं लागेल. कुठे ६० ग्रॅम पिठाची भाकरी असते, कुठे १०० ग्रॅमची. गावातल्या आठ-दहा घरांत एका भाकरीचं पीठ वजन करून घ्या आणि सरासरी धरा. वरणाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. मुलगा ‘एक वाटी वरण’ म्हणतो, पण एका घरी त्या वाटीत चमचा उभा राहतो आणि दुसऱ्या घरी वाटीचा तळ दिसतो. म्हणून वाट्या मोजून थांबू नका. पातेल्यात डाळ किती घातली होती, मूठभर की वाटीभर, आणि जेवणारे किती, हे विचारा. सगळी मुलं ‘डाळ खाल्ली’ असंच लिहून देतात, त्यामुळे गरिबीतला आणि सुस्थितीतला फरक इथे सगळ्यात जास्त झाकला जातो.

जीवनसत्त्वं आणि लोह मिलिग्रॅममध्ये काढायच्या भानगडीत पडू नका. एका दिवसाच्या आठवणीवर तो हिशेब टिकत नाही. अन्नाचे गट मोजा: धान्य व कंद, डाळी, शेंगदाणे-तीळ, दूध, मांस-मासे, अंडी, गडद हिरवी पालेभाजी, पपई-गाजरासारखी पिवळी-केशरी फळं व भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. हे १० गट झाले. निदान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर खाल्लं असेल तरच गट धरा. वरून भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजी होत नाही. बटाटा धान्याबरोबर जातो, भाजीत नाही. म्हणून वडापाव म्हणजे पाव आणि बटाटा, गट एकच. बेसनाचं आवरण १५ ग्रॅम भरलं तरच डाळीचा गट धरा. दहापैकी निदान पाच गट असले तर आहारात पुरेशी विविधता, हा निकष १५ वर्षांपुढच्या मुली-बायकांसाठी ठरवलेला आहे, त्यामुळे लहान मुलांना आणि मुलग्यांना पास-नापास करू नका, नुसता आकडा लिहा.

शक्यतो प्रत्येकाचे दोन दिवस घ्या, एक शाळेचा आणि एक रविवारचा. सगळ्यांना सोमवारीच विचारलंत तर गावभर रोज मटण शिजतं असं दिसेल. चतुर्थी, एकादशी, नवरात्र टाळा, आणि श्रावण तर नकोच.

पाटीवरची बेरीज

तांदुळजाताईंचं मापाबद्दलचं सगळं मान्य. पण प्रत्येकाचे दोन दिवस म्हणजे १६८ × २० मिनिटं × २, होतात ११२ तास. शाळेत ते जमायचं नाही. पहिला दिवस सगळ्यांचा घ्या आणि दुसरा दर चौथ्या मुलाचा, म्हणजे ४२ जणांचा. ७० तासांत काम होतं, आणि एकाच मुलाचं खाणं दिवसागणिक किती बदलतं याचा अंदाजही येतो. मुलाखती आठवड्याच्या सगळ्या वारांवर सारख्या वाटा.

उत्पन्नाचा प्रश्न काढाच. मुलांना ते माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ती शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावरचा आकडा सांगतात. रेशनकार्डाचा रंगही परिस्थितीचं माप म्हणून चालत नाही. पिवळं, केशरी आणि पांढरं ही वाटणी १९९९ची, वर्षाला १५,००० आणि १ लाख या मर्यादांवर बेतलेली. पण रेशन किती मिळतं हे जरूर विचारा, कारण तो थेट खाण्याचा प्रश्न आहे. अंत्योदय कार्डाला घरटी महिना ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. ज्वारीच्या पट्ट्यात भाकरी मागे पडून पोळी आणि भात का वाढला, याचं एक कारण तिथे आहे.

परिस्थितीसाठी मुलाला डोळ्यांनी दिसतं तेच विचारा. नळ घरात की बाहेर, संडास, फ्रिज, दुचाकी. शेत बागायती, जिरायती की नाहीच. गॅस नुसता आहे की रोज त्याच्यावर स्वयंपाक होतो. दुभतं जनावर आहे का, आणि असेल तर दूध डेअरीला जातं की घरी राहतं? हा एक प्रश्न चुकवू नका. गोठ्यात म्हैस आणि मुलाच्या ताटात दुधाचा थेंब नाही, अशी घरं कितीतरी निघतील. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या पाहण्यांत स्वतंत्र खोली, मोटार, भांडी धुण्याचं यंत्र, परदेशी सहल हे प्रश्न असतात. ते उचलून आणलेत तर तुमची जवळजवळ सगळी मुलं शून्यावर येतील आणि त्यांच्यातला फरक दिसणारच नाही. घराची सामाजिक-आर्थिक पातळी ठरवणारी कुप्पुस्वामींची श्रेणी शहरी कुटुंबांसाठी आहे. पारीकांची ग्रामीण आहे, पण १९६४ची, आणि तीत जात विचारलेली आहे.

जात विचारू नका. अंडी, मासे, मटण यांच्या उत्तरावरूनच वर्गात जात ओळखली जाते आणि मग मुलं गप्प होतात. म्हणून ‘कोण कोण अंडी खातं, हात वर करा’ हे कधीही करू नका. प्रत्येकाला एक क्रमांक द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. पालकांची लेखी संमती आधी, शिवाय मुलाची स्वतःची तयारी. माहिती मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरणार असाल तर २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, हेही ध्यानात घ्या.

माझ्या मते सगळ्या प्रश्नावलीतला सर्वात मोलाचा प्रश्न हा: काल रात्रीचा स्वयंपाक कोणी केला? तुमच्या भागातली किती कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात! त्या दिवसांत मूल आजीकडे असतं, वसतिगृहात असतं, नाहीतर चौदा वर्षांची मुलगीच धाकट्यांसाठी भाकऱ्या थापत असते. कार्ड तेच, जमीन तीच, घर तेच, पण ताट बदललेलं. ऑगस्टची पाहणी आणि जानेवारीची पाहणी दोन वेगळ्या गावांची वाटावी इतका फरक पडू शकतो. जमलं तर दोन्ही करा. एकच करायची तर जानेवारीची.

गैरहजर मुलांचा पाठपुरावा करा. ज्यांच्याबद्दल कळायला हवं ती मुलं बहुधा त्यांच्यातच असतात. आणि १६८ मुलांचे दहा तुकडे पाडू नका. मुलगे-मुली, गावातली-बाहेरून येणारी, एवढीच विभागणी पुरे. लिहितानाही टक्क्यांऐवजी ‘४० पैकी ११’ असं लिहा, वाचणाऱ्याला आकडा केवढा लहान आहे ते कळतं.

शेवगा

नववीचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. सहावी-आठवीच्या मुलाला दुपारी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल असं ठरलेलं आहे, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. जूनमध्ये तेच मूल नववीत जातं आणि हे ताट बंद होतं. तेही नेमकं झपाट्याने वाढायच्या वयात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला ४५ ग्रॅम आणि २२ मिलिग्रॅम. घरी बरं असेल तर डबा ती जागा भरून काढतो. नसेल तर दहा रुपयांचा वेफरचा पुडा भरून काढतो. तुम्हाला परिस्थितीचा आणि खाण्याचा संबंध बघायचा आहे ना, तो इथे उघडा पडतो. म्हणून ‘डबा आणला का, कोणी भरला, किती वाजता उघडला’ हे तीन प्रश्न घाला.

‘नाश्ता करता का’ याऐवजी घरातून किती वाजता निघता आणि तोवर चूल पेटलेली असते का, हे विचारा. सातची एसटी असेल तर भाकरी होण्याआधीच मूल निघतं, चहा-खारीवर. पुढचं खाणं थेट मधल्या सुट्टीत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीची वेळ त्यांच्या हातात नाही. शाळेतल्या स्वच्छतागृहाची दारं आणि पाणीही बघून घ्या. ते नीट नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि डबाही अर्धा परत नेतात.

वजन-उंची नीट घेता येणार असेल तरच घ्या. काटा सपाट फरशीवर, माहीत असलेलं वजन ठेवून रोज तपासलेला. बूट-चपला काढून, टाचा भिंतीला, नजर समोर. आडोसा हवा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. एका मुलीचं वजन वर्गाने ऐकलं तर उद्यापासून ती डबा आणायची बंद होऊ शकते. निष्कर्षासाठी वय आणि लिंगानुसारचे तक्ते वापरा, मोठ्या माणसांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) लावू नका. हिमोग्लोबिन तुम्ही तपासू नका, ते शाळा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून करून घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी निघाले होते, त्यामुळे हे सोडून चालणार नाही.

त्याला जोडून शाळेत वाटतात ती लोहाची निळी गोळी. आठवड्याला एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ती सकाळी परिपाठानंतर वाटली की उपाशी पोटी मळमळतं, मग पुढच्या आठवड्यापासून गोळ्या कंपासपेटीत साठतात. डबा खाल्ल्यावर द्या, समोर गिळायला लावा, आणि शौचाला काळं होतं ते घाबरण्यासारखं नाही हे आधीच सांगा. त्यानंतर तासभर चहा नको.

रानमेवा

खूप खूप आभार. जवळजवळ अख्खा मसुदा बदलावा लागणार, आणि त्याचा आनंदच आहे. दोन गोष्टी राहिल्या: मोबाइलचा प्रश्न ठेवू का? आणि फाटकाबाहेरच्या गाड्यांचं काय करावं?

शेवगा

गाड्यांचं सांगतो. अन्नसुरक्षेच्या २०२०च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण नुसतं हुसकावलंत तर गाडी ६० मीटरवर उभी राहील. मुलाला मधल्या सुट्टीत भूक लागलेली असते आणि खिशात दहा रुपये असतात, हे दोन्ही तसंच राहतं. मागच्या तीन दिवसांत खिशातले किती रुपये कशावर गेले, हा प्रश्न घाला. मग गाडीवाल्या मावशींशी बसून बोला. भाजलेले शेंगदाणे-गूळ, उकडलेले हरभरे, फुटाणे, उकडलेलं अंडं दहाच्या आत बसतंय का ते त्यांच्याबरोबरच हिशेब करून बघा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, वेफरच्या पुड्यात त्याच्या आसपासही नाही. मावशींचा धंदा बुडता कामा नये, नाहीतर चार दिवसांत वेफर परत येतील.

तांदुळजा

मोबाइलचे तास काढा, सगळे एकच तास सांगतील. काल रात्री जेवताना समोर मोबाइल किंवा टीव्ही होता का, झोपलात किती वाजता, उठलात किती वाजता, एवढं पुरे. साडेबाराला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाला सकाळी भूकच नसते, मग नाश्ता समोर असूनही जात नाही. असं मूल सुस्थितीतल्या घरातही सापडेल. त्याचं कोरं सकाळचं खाणं आणि चूल न पेटलेल्या घरातल्या मुलाचं कोरं सकाळचं खाणं तक्त्यात एकाच रकान्यात पडेल. ते वेगळं ठेवायला म्हणून झोपेच्या वेळा.

आणि थेट १६८ जणांना बसवू नका. आधी आठ मुलं घ्या: चार मुली, चार मुलगे, त्यातली निम्मी एसटीने येणारी. मुलाखत घेणारे जितके असतील त्या सगळ्यांनी एकाच मुलाचं बोलणं ऐकून आपापला तक्ता भरायचा आणि मग ताडून बघायचं. भाकरीच्या आणि वरणाच्या मापात हमखास फरक निघेल. तो मिटला की नववी अ पासून सुरुवात करा.