विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर जायचंय, सरळ पुसून टाकू का डुअल बूट (दोन्ही ठेवून सुरू करताना एक निवडायची)?

पानगळ
लॅपटॉप २०१७ चा आहे, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी, मध्ये एसएसडी बसवली तेव्हापासून मस्त पळतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळपास सगळे आठव्या पिढीपासून पुढचे, म्हणजे माझा एका पिढीने हुकला. धडधाकट मशीन एवढ्यासाठी टाकून द्यायला मन धजत नाही म्हणून मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स सिस्टिमचा, विचार चाललाय.
काम भाषांतराचं. दिवसभर वर्डच्या फायली, त्यात समोरच्याने ट्रॅक चेंजेस लावून पाठवलेले बदल, कमेंट्स, मग पीडीएफ, मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने, आणि एक प्रिंटर-स्कॅनर. गेम नाहीत. कमांड लिहायची अजिबात सवय नाही. कुणी असंच काम घेऊन लिनक्सवर गेलंय का?

कळफलक
पुसू नका, निदान आत्ता तरी नाही. मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, रुफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर टाका (८ जीबीचा पुरतो, त्यावर आधीचं जे असेल ते जाईल), आणि मशीन चालू करताना बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं, इन्स्टॉलवर क्लिक करत नाही तोवर डिस्कवरचं काही बदलत नाही. त्यात दोन तास बसा. वायफाय, आवाज, ब्लूटूथ, टचपॅड हे बघालच, पण झाकण लावून दहा मिनिटांनी उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का हे नक्की बघा, बरेच जण हेच विसरतात आणि मग रोज वैतागतात. वायफायची चिप इंटेलची असेल तर ड्रायव्हर बहुतेक आधीच आत असतो, ब्रॉडकॉमच्या काही चिप्सना वेगळा टाकावा लागतो. प्रिंटर एअरप्रिंटवाला (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) असेल तर सहसा आपोआप दिसतो.
इनस्क्रिप्टची काळजी नको, कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट आहे. लाइव्हमध्ये (म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवताना) सगळं जरा हळू वाटेल, तो पेनड्राइव्हचा वेग आहे, त्यावरून मत बनवू नका.

रात्रपाळी
मी दीड वर्ष लिनक्सवर काढून परत आलो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. सिस्टिमशी माझं काहीच भांडण नव्हतं, उलट अपडेट आपल्या सोयीने करता येतात हे मला अजून आठवतं. अडलं ते फक्त वर्डच्या डॉक्स फायलींवर. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखा फुकट प्रोग्राम) ट्रॅक चेंजेस दिसतात, स्वीकारता-नाकारता येतात, कमेंट्सही येतात, आणि साधा लेख असेल तर कुणाला कळणारही नाही की तुम्ही वर्ड वापरलं नाही. पण माझ्याकडच्या फायली म्हणजे टेबलात टेबल, टेक्स्ट बॉक्स, आपोआप येणारे १.१, १.२ असे उपमुद्दे, त्या दोनतीनदा इकडून तिकडे गेल्या की क्रमांक हलायचे आणि समोरचा विचारायचा की हे तुम्ही का बदललं. फॉन्टचं म्हणाल तर कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया वापरतात, ते अक्षरांच्या रुंदीला मुद्दाम तेवढेच बनवलेत, त्यामुळे ओळी साधारण तिथेच तुटतात. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या फायलींवर मात्र फार भरवसा ठेवू नका.
म्हणून माझं मत असं की सिस्टिम बदलायच्या आधी प्रोग्राम बदला. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं. आत्ताच टाका, दोन आठवडे खरं काम त्यातच करा, आणि परत पाठवलेली फाइल समोरच्याकडे वर्डमध्ये कशी दिसते ते त्याला विचारा. तुमचा निर्णय तिथेच होईल. तोवर विंडोज १० उघडं पडायला नको असेल तर जादा सुरक्षा अपडेट्सची जी ईएसयू योजना आहे ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यात नाव नोंदवा.

उंबरठा
वरचं सगळं पटलं पण बिटलॉकरबद्दल (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) कुणी बोललं नाही आणि मला त्याचा फार मोठा फटका बसलाय. ताईच्या लॅपटॉपवर डुअल बूट करून देत होतो, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्ज) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, बंद केलं, पुढच्या वेळी विंडोज सुरू केलं तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. डिस्क एन्क्रिप्टेड आहे हे तिलाही माहीत नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. ज्या खात्यात ती की असायची त्याचा पासवर्ड तिच्याकडे नव्हता, परत मिळवायला नंबरही जुना. तिच्या मुलाचे पहिल्या तीन वर्षांचे फोटो गेले, बॅकअप नव्हता, चूक पूर्ण माझी. सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का ते आधी बघा, असेल तर की कागदावर लिहून ठेवा. आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतलात की ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार फायली खरंच उघडून बघा.
फास्ट स्टार्टअप पण बंद करा. ते चालू असलं की विंडोज शटडाउन केल्यावरही पुरतं बंद होत नाही आणि मग लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनमधल्या (डिस्कच्या भागातल्या) फायली वाचता येतात पण त्यात काही लिहिता येत नाही.

पानगळ
तीन आठवड्यांनी लिहितेय. उंबरठा, तुमचं वाचून त्याच रात्री तपासलं, माझंही एन्क्रिप्शन चालू निघालं! की लिहून ठेवली, बॅकअप दोन डिस्कवर घेतला आणि दोन्ही उघडून बघितले. फोटोंचं वाचून फार वाईट वाटलं.
लाइव्हमध्ये वायफाय, झाकण, प्रिंटर सगळं ठीक. स्कॅनरवरचं बटण चालत नाही पण मिंटच्या स्कॅनिंग ॲपमधून स्कॅन होतं. रात्रपाळींनी सांगितलं तसं दोन आठवडे लिब्रेऑफिसवरच काम केलं, अकरा फायली गेल्या, दहांबद्दल कुणाची तक्रार नाही, एक फॉर्म मात्र साफ विस्कटला, तो एकाच क्लायंटकडून दर महिन्याला येतो. म्हणून डुअल बूट केलं, त्या फॉर्मपुरतं विंडोज ठेवलंय, बाकी सगळं मिंटवर. इन्स्टॉल करताना एकही कमांड लागली नाही.
आता एकच, मिंटमधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ काही तास चुकीचं दाखवतं. दर वेळी हाताने लावतेय.

कळफलक
ते दोघं मदरबोर्डवरचं घड्याळ वेगळ्या तऱ्हेने वाचतात म्हणून होतं. लिनक्स त्यात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं. मिंटला एका कमांडने स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं, निरोप पाठवतो, टर्मिनलमध्ये एकदाच पेस्ट करायची. आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे ते आजच चालू करा, एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम आदल्या दिवशीवर नेता येते. तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र त्यात धरू नका, तो वेगळाच घेत राहा.