ट्रंक पोर्टला ‘खोड’ म्हणावं का?

महालकर:
नेटवर्किंग शिकवतो. स्विचवर, म्हणजे संगणकांच्या केबली जोडायच्या पेटीवर, व्हीलॅन (एकाच पेटीत केलेली वेगवेगळी नेटवर्क) कसे बनवायचे, त्याचं मराठी टिपण लिहिलं. व्हीलॅनला त्यात ‘आभासी लॅन’ म्हटलं. पोर्ट १ ते १२ व्हीलॅन १०, १३ ते २३ व्हीलॅन २०, आणि २४ वरून दोन्ही वरच्या मजल्यावर. या २४ला, म्हणजे ट्रंकला, ‘खोड पोर्ट’ लिहिलं. फांद्या अनेक, खोड एक. एका पोरानं वाचलं की पोर्टात खोड आहे. केबल काढून २३मध्ये लावली, वरचा मजला बंद. चूक त्याची नाही, माझ्या शब्दाची आहे. दुसरा शब्द सांगा. टॅगलाही हवा, म्हणजे डेटा कोणत्या व्हीलॅनचा ते सांगणाऱ्या खुणेला.

धरमपेठकर:
ट्रंकच ठेवा नं! आजीची लोखंडी ट्रंक, ट्रंक कॉल, आपल्या स्टेशनावरून जाणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस. अजून किती मराठी व्हायला पाहिजे?

इतवारीकर:
लॅटिन ‘ट्रंकस’ म्हणजे खोडच. सरांचा शब्द बरोबर आहे, तो काहून सोडायचा? ‘महापौर’ही रुळलाच नं!

सदरकर:
ताई, रुळेपर्यंत पोरं केबली उपटतील त्याचं काय? आणि ‘ट्रंक’ही धड नाही. काही कंपन्यांच्या स्विचवर ट्रंक म्हणजे तीन-चार केबली मिळून केलेला एकच दुवा. व्हीलॅनचा त्यात संबंध नाही. टॅगला मात्र ‘चिठ्ठी’ म्हणा, ‘शिक्का’ नको. चार बाइटची चिठ्ठी फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पुडक्यात, घुसवतात, त्यात १२ बिट व्हीलॅनच्या नंबरासाठी, म्हणून १ ते ४०९४. साध्या पोर्टातून बाहेर पडताना ती काढून घेतात. शिक्का असा निघतो का?

इतवारीकर:
चिठ्ठी आवडली. पण ‘आभासी’ आधी काढा. व्हीलॅन १०चं मशीन राउटरशिवाय २०च्या मशीनशी बोलू शकत नाही. एवढी खरी भिंत, तिला आभास कसं म्हणता?

धरमपेठकर:
शाळेत आरशातली ‘आभासी प्रतिमा’ शिकलो, तेव्हा कोणी खोटी म्हटलं नाही.

इतवारीकर:
ती पडद्यावर घेता येत नाही, म्हणून आभासी. व्हीलॅनला तो न्याय कसा लावता?

महालकर:
सदरकर, आमच्या लॅबमध्ये दोन्ही तऱ्हेचे स्विच आहेत. एकाच तासात ‘ट्रंक’चे दोन अर्थ सांगावे लागतात, म्हणूनच मराठीकडे वळलो होतो.