अनुभव धागा : दुसऱ्या महिन्यात दार कोणी वाजवलं?

माझ्या यजमानांना पक्षाघात झाला तेव्हा पहिले आठ दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, झाडून सगळे येऊन गेले. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, रोज प्रार्थना करून जात. दुसऱ्या महिन्यात मात्र दार वाजेनासं झालं. मला कुणाचा राग आला नाही, ज्याचे त्याचे संसार असतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि ते महिनोन् महिने चालतं.

मग एका गुरुवारी महिला मंडळाच्या दोघी आल्या. "तू झोप. दोन वाजता उठवतो," एवढंच म्हणाल्या. "काही लागलं तर सांग" हे वाक्य तोवर मी शंभरदा ऐकलं होतं, त्यांनी ते उच्चारलंही नाही. यजमानांच्या लुळ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असे, आत तळव्याला नखं रुतायची. त्यातली एक जण कोमट पाण्यात तो हात धरून बसायची. बोटं आपोआप सैल पडली की एकेक उलगडायची, तळवा पुसून कोरडा करायची आणि मग नखं कापायची. चौदा महिने, दर गुरुवारी.

त्यांच्यामुळेच हा धागा काढते आहे. तुमच्या मंडळीने, धर्मग्रामाने (कॅथलिक पॅरिशने), शेजारच्या चर्चने तुम्हाला कसं सांभाळलं ते लिहा. कुठे कमी पडले तेही लिहा. तुम्ही स्वतः हे काम करत असाल तर कसं करता ते जरूर सांगा.

पंच कमिटीतला खजिनदार

बावीस वर्षं आमच्या चर्चच्या साहाय्य निधीचा हिशेब बघतोय. आमच्याकडे घडलेली एक चूक आधी सांगतो. एका वर्षी वार्षिक अहवालात निधीतून मदत मिळालेल्या कुटुंबांची नावं छापली गेली. हेतू पारदर्शकतेचा होता. त्यातलं एक कुटुंब पुढच्या रविवारपासून उपासनेला यायचंच बंद झालं. मी दोनदा घरी जाऊन माफी मागितली. ते नम्रपणे बोलले, पण परत आले नाहीत. तेव्हापासून इतिवृत्तात फक्त क्रमांक आणि रक्कम असते. नावांची वही वेगळी, ती तिघांनाच माहीत. शाळेची फी थेट शाळेत, घरभाडं थेट घरमालकाला जातं. उपासनेत जमलेलं अर्पण दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची, एकट्याने कधीच नाही. यात कोणावर अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना बायबलमधल्या प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

नवीन पंचांना मी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचायला लावतो. पहिल्या मंडळीतल्या ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत डावलल्या जातात, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, ती दाबली नाही. सात माणसं निवडून काम त्यांच्यावर सोपवलं, आणि सातही नावं ग्रीक आहेत. मला त्याचा अर्थ असा लागतो की ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. चर्चमधल्या मदतीच्या व्यवस्थेची सुरुवातच तक्रारीतून झाली आहे. म्हणून कोणी तक्रार घेऊन आलं की मी आधी खुर्ची देतो.

भिंतीपलीकडची शेजारीण

आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चच्या कुंपणाला लागून आमची घरं होती. आग लागली ती मध्यरात्रीनंतर. पहाट व्हायच्या आत त्यांनी सभागृह उघडून सतरंज्या घातल्या होत्या. पांघरुणं, कपडे, जेवण सगळं मिळालं. त्याबद्दल सगळेच लिहितील, म्हणून मी कागदांबद्दल लिहिते.

आमचे सगळे कागद जळाले होते. ओळखपत्रं, पासबुक, मुलांचे दाखले, काहीच उरलं नाही. कागद नसले की भरपाई नाही, बँकेतले स्वतःचे पैसेसुद्धा हातात येत नाहीत. त्यांच्यातले एक निवृत्त कारकून काका आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी, दोघं सभागृहाच्या कोपऱ्यात टेबल टाकून तीन आठवडे बसले. प्रत्येक घराचं वेगळं फाइलकव्हर केलं. वर पेन्सिलीने लिहायचे, कुठला अर्ज गेला, कुठला राहिला, परत कधी जायचं. काका माझ्याबरोबर चार वेळा कचेरीत आले. खिडकीवरचा माणूस "उद्या या" म्हणाला की काका शांतपणे विचारत, "उद्या किती वाजता, आणि कुणाला भेटू?" हे विचारायचं असतं हे मी तिथे शिकले.

मी एकदा चाचरत विचारलं, आम्हाला रविवारी यावं लागेल का? काका म्हणाले, "तुमचं घर उभं राहू दे बाई." पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यांनी यायला सांगितलं असतं तर मी गेले असते. पदरात दोन मुलं आणि डोक्यावर छप्पर नाही, अशी बाई नाही म्हणूच शकत नाही. म्हणूनच तेव्हा तसं विचारू नये.

आजाऱ्यांना भेटणारा

आमच्या धर्मग्रामात गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक संस्थेचं काम चालतं. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या काही सोबत्यांनी ती सुरू केली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबांच्या घरी कसं जावं हे त्यांना सिस्टर रोझाली राँदू यांनी शिकवलं. मदत घेऊन आपण त्यांच्या घरी जायचं, त्यांना आपल्या दारात रांगेत उभं करायचं नाही, ही आमची जुनी रीत. दोघांनी मिळून जायचं आणि तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

इस्पितळात जात असाल तर अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो. दहा मिनिटं पुरतात. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. "प्रार्थना करू का?" असं विचारा आणि नाही म्हटलं तर मनापासून ठीक आहे म्हणा. आपल्या मावसभावाला हाच आजार झाला होता आणि तो कसा गेला, ही गोष्ट तर मुळीच सांगू नका. मी ती ऐकवताना लोकांना पाहिलंय. निघताना रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाकडे बघा. त्याने शेवटची अंघोळ कधी केली हे विचारलं की पुढचे दोन तास तुम्हाला काय करायचंय ते कळतं.

एक आई

माझा मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. गीत सुरू झालं की तो चाव्यांचा जुडगा वाजवतो. आधीच्या ठिकाणी लोक मागे वळून बघायचे, मी उठून बाहेर जायचे. इथे शब्बाथशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) शिक्षिकेने तरुण संघातल्या दोघांना तयार केलंय, आलटूनपालटून एक जण त्याच्याजवळ बसतो. तीन वर्षांनी मी एक प्रवचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं.

नाव लिहीत नाही

मूळ लेखिकेने कुठे कमी पडले तेही विचारलंय, म्हणून लिहितो. माझ्या पत्नीला कर्करोग झाला तेव्हा याच मंडळीने आम्हाला तळहातावर झेललं. चार वर्षांनी मुलाने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, तेव्हा कोणी आलं नाही. माणसं तीच, प्रेमळ, पण काय बोलावं हे कोणाला सुचत नव्हतं. एकाने विश्वास कमी पडला असं सुचवलं. ते वाक्य अजून निघालेलं नाही.

चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूची गोष्ट मला नंतर कळली. 1935 मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळी आली, तो काही भयंकर रोग आहे असं वाटून तिने जीव दिला होता. विचारायला कोणीच नव्हतं. 1953 मध्ये त्यांनी लंडनच्या आपल्या चर्चमधून अशा माणसांसाठी फोन सुरू केला. त्यांना भेटायला येणारे लोक बाहेर थांबत, तिथे स्वयंसेवक त्यांना चहा देऊन नुसतं ऐकत बसायचे. पुष्कळांना त्यानंतर आत जायची गरजच उरत नसे. सॅमॅरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली.

आमच्याकडेही एक जण आला, पण सात आठवड्यांनी. वर्कशॉपमध्ये काम करणारा, उपासनेत मागच्या बाकावर बसणारा. मुलाला म्हणाला, "माझी मोटरसायकल उघडून ठेवलीय, एकट्याला जमत नाही." दोघं दर शनिवारी ती खोलत आणि जोडत बसले. मुलगा आता डॉक्टरांकडे नियमित जातो, गोळ्या घेतो. पाळकांना माझी विनंती आहे, या आजाराचं नाव व्यासपीठावरून घ्या. मधुमेहाचं घेता तसंच.

मदत घेतलेला

नोकरी गेली तेव्हा मंडळीने सात महिने भाडं भरलं. घेणं फार जड जातं. तिसऱ्या महिन्यात मी चर्चला जायचं टाळू लागलो. तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी मला घरी बोलावून सांगितलं की त्यांना मोतीबिंदू आहे, पत्रं आणि बिलं वाचून दाखवायला कोणी हवंय. रोज संध्याकाळी जाऊ लागलो. ती गरज खरी होती की माझ्यासाठी शोधलेली, हे मी कधी विचारलं नाही. रविवारी मात्र परत ताठ बसू लागलो.

यादी सांभाळणारी, वय 74

गुडघ्यांमुळे मला आता कोणाच्या घरी जाणं होत नाही. म्हणून फोन करते. एकटे राहणारे नऊ जण आहेत, दर शनिवारी सकाळी. कोणी उचलला नाही तर त्यांच्या शेजाऱ्याचा नंबर बाजूला लिहिलेला असतो. एकदा त्यामुळेच एक आजी न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या, वेळेत. बाकी फोनवर होतं काय, तर नळाला पाणी आलं का, नात बोलली का, पाय सुजलाय का.

यादी पेन्सिलीने लिहिते, पण कोणी देवाघरी गेलं की नाव खोडत नाही. पुढे तारीख घालते. वर्ष भरतं त्या दिवशी त्यांच्या घरी फोन करते. मंडळीला तारीख लक्षात राहत नाही, घरच्यांना राहते. या मंगळवारी एक आहे. त्यांच्या मुलाला आठच्या आत गाठायला हवं, नंतर तो कामाला निघतो.