समच्छेद: यातला ‘सम’ कुठला?

साखळीची बाई: पाचवीसाठी अपूर्णांकांच्या बेरजेचा इंग्रजी स्वाध्याय मराठीत करतेय. काल फळ्यावर 1/4 + 1/6 घातलं, एकाने झटकन 2/10 लिहिलं. विचारलं, समच्छेद का नाही केलास, म्हणजे छेद सारखे का नाही केलेस? तर म्हणे, “बाई, 4 नि 6 दोन्ही समच आहेत!” आदल्याच आठवड्यात सम-विषम संख्या शिकवल्या होत्या. आता छेद वेगळे असतील तिथे काय लिहू? ‘विषमच्छेद’ लिहिलं तर 1/3 + 1/5 ला तोच घोळ. ‘भिन्नच्छेद’?

फोंडेकर: ‘समच्छेद’ला हात लावू नका. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातल्या (1150) श्लोकात ‘समच्छेदविधान’ आहे. आणि कृपा करून ‘समछेद’ छापू नका. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की च येतो. परिच्छेद, विच्छेद, तसं समच्छेद.

डिचोलीचा भाचा: त्याच श्लोकात छेदाला ‘हर’ म्हटलंय, तो का हो सोडलात? हिंदीवाल्यांनी ठेवला. त्यांच्याकडे ‘भिन्न’ म्हणजेच अपूर्णांक, तेव्हा हिंदी शिकणाऱ्या पोराला ‘भिन्नच्छेद’ भलताच वाटेल. सरळ ‘वेगळे छेद’ लिहा, बाई.

फोंडेकर: मग ‘अपूर्णांक’ला ‘तुकडे’ म्हणा! आणि पोराने छेदांचीही बेरीज केलीय, त्यात ‘सम’चा काय दोष?

मांडवीकाठ: आमचे आजोबा पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले. छेदाला ‘देनोमिनादोर’ म्हणायचे, म्हणजे नाव देणारा. आपला छेद कापतो, त्यांचा नाव ठेवतो. चौथे नि सहावे ही दोन घराणी. दोघांना ‘बारावे’ हे एकच नाव दिलं की तीन बारावे नि दोन बारावे मिळून पाच बारावे. मी तर याला ‘एकनाव करणे’ म्हणेन. हसा खुशाल.

पोदेराचा शेजारी: नावावरून आठवलं. खायचा पाव चौथाईवरूनच आला ना? लादीचे चार तुकडे करतात म्हणून?

फोंडेकर: नाही हो. खायचा पाव पोर्तुगीज. मापाचा पाव संस्कृत ‘पाद’वरून, चार पायांतला एक. पाऊण म्हणजे पाद उणा, सव्वा म्हणजे सपाद.

मांडवीकाठ: म्हणून तर बाजारात समच्छेद कुणाला लागला नाही! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, सगळे चाराच्याच घरातले. पावणेदोन नि सव्वादोन चार, हे आजी मासे निवडता निवडता सांगायची. तिसरा वाटा आला की अडायची. गोवामुक्तीच्या थोडं आधी एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आलं, रुपयाला 6 एस्कुदो. तेव्हा उलटं झालं: तिसरा हिस्सा सरळ 2 एस्कुदो, आणि पावला दीड.

डिचोलीचा भाचा: म्हणजे 12 चा रुपया हवा होता.

साखळीची बाई: अहो, स्वाध्याय उद्या छापायला द्यायचाय!

फोंडेकर: भिन्नच्छेद. जोडाक्षरासकट.

डिचोलीचा भाचा: वेगळे छेद. पाचवीतलीच पोरं ती.

पोदेराचा शेजारी: पायाने मळतात म्हणून पाव, असंही ऐकलंय. आमच्या पोदेरासमोर, म्हणजे पाववाल्यासमोर, म्हणून बघा एकदा! बरं, पोयी, तो कोंड्याचा पाव, ती तरी आपली ना? की तीही पोर्तुगीज?