प्रबंध पुढे सरकत नाही: पाचवं वर्ष, विषय 1972 चा दुष्काळ

मांजराकाठ

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका सीनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन 2021 चं. विषय: 1972 चा दुष्काळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुष्काळी कामांवर गेलेल्या बाया.

मुलाखती भरपूर झाल्यात. जुन्या फायलींच्या नोंदी, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळ्यांनी एक कपाट भरलंय. लिहून झालंय ते मात्र एकच प्रकरण, 'दुष्काळ: संकल्पना व इतिहास'. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सुरुवात केली, ऐंशी पानं झाली आणि मी अजून 1876 मध्येच आहे. गाईड माणूस म्हणून चांगले आहेत, पण म्हणतात, "तुकड्यातुकड्यांत मी वाचत नाही, पूर्ण करून एकदमच आणा." मुलाखती परिशिष्टात टाका, असं एका सीनिअर सरांनी सुचवलंय. कॉलेजात नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) तपासणीची धावपळ, घरी मुलगा सातवीत. रात्री दहाला लॅपटॉप उघडते आणि तळटीपांचे स्वल्पविराम नीट करत बसते.

कुठून हात घालू? शिवाय पेपर छापायची अट रद्द झाली म्हणतात, ते खरं का? आणि दुसरीकडचा मजकूर उचलला का हे तपासणारी ती दहा टक्क्यांची चाळणी मराठी प्रबंधाला कशी लागते?

निवृत्त_मास्तरीण

आधी दुर्गादेवीला निरोप द्या. तो दुष्काळ 1396 ते 1407 चा, तुमच्या बायांशी त्याचा काय संबंध? आपल्याकडच्या प्रबंधांना ही खोडच आहे. माझ्याकडे एकदा पतसंस्थांवरचा प्रबंध तपासायला आला होता, त्यात ऋग्वेद होता.

ऐंशीतली साठ पानं गेली तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. ठेवायचं ते एवढंच: 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याचे नियम आले आणि धडधाकट माणसाला फुकट धान्य न देता सरकारी काम काढायचं, कामाच्या मापाने मजुरी द्यायची, ही रीत पक्की झाली. 72 साली पाझर तलाव, बंडिंग, खडी फोडणं जे निघालं ते त्याच वाटेनं. हा धागा हवा, बाकीचं कीर्तन नको.

आता मुलाखती. त्या परिशिष्टात टाका म्हणणाऱ्या सरांना नमस्कार करा आणि ऐकू नका. फॅमिन कोडवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कामावरच्या बाईचं म्हणणं तुमच्या कपाटात आहे, ते दुसऱ्या कुणाकडे नाही. बाहेरचे परीक्षक (मी त्यांतलीच) आधी अनुक्रमणिका बघतात, मग निष्कर्ष, मग संदर्भसूची. प्रबंधातलं स्वतःचं काय ते तिथेच कळतं. ते तुम्ही मागच्या पानांत बारीक टाइपात पुरलंत तर मधली तीनशे पानं कशासाठी?

म्हणून पहिलं प्रकरण सोडा आणि मधूनच सुरू करा. नुसत्या सुकडीवर, म्हणजे कामावर वाटल्या जाणाऱ्या पूरक खाऊवर लिहा. ती कोणाला मिळायची, कामावरच खायची की पदरात बांधून पोरांसाठी न्यायची? अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या (तिकडच्या ज्वारीच्या) भाकरीबद्दल बाया काय सांगतात? मग मजुरीकडे या. मस्टरवर (हजेरीपटावर) बाईचं नाव कसं लागायचं, पैसे तिच्या हातात पडायचे की नवऱ्याच्या? फाईल आणि मुलाखत समोरासमोर ठेवल्याशिवाय हे कळणार नाही. दोघींचं जमलं नाही तर उत्तम, तिथेच तुमचा मुद्दा आहे. रोजगार हमीची गोष्ट, म्हणजे वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातला 1965 चा प्रयोग, 1977 चा कायदा आणि 26 जानेवारी 1979 पासूनची अंमलबजावणी, ही शेवटच्या प्रकरणात घ्या. आणि तिथेही बायांच्या बाजूनेच सांगा: दुष्काळ सरल्यावर काम मागायचा हक्क मिळाला, तेव्हा यांतल्या किती जणी पुन्हा कामावर गेल्या?

'एकदम आणा' म्हणणारे गाईड एकदम आणल्यावर वाचत नाहीत, हे मी गाईड होते म्हणून सांगते. तीनशे पानांचा गठ्ठा टेबलावर आला की माणूस तो दिवाळीच्या सुट्टीवर ढकलतो. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती मांडायची असतेच. त्या अहवालाला सुकडीची दहा-बारा पानं जोडा, छापील, डाव्या बाजूला रुंद समास सोडून. वर एकच प्रश्न लिहा: "सर, मुलाखत आणि फाईल यांत फरक पडला तर मी अशी मांडणी केली आहे, चालेल का?" प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. नुसतं 'बघा सर' म्हटलं की ते बघत नाहीत.

पेपरचं: 7 नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमांत ती सक्ती राहिली नाही हे खरं, पण तुमचं रजिस्ट्रेशन त्याआधीचं, म्हणजे तुम्हाला 2016 चे नियम. त्यांत तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागतात. सुकडीच्या पानांचाच पेपर होईल. मुदत सहा वर्षं, स्त्रियांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. मात्र मुदत संपायच्या आत अर्ज करा, नंतर ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात.

तळटीपांचे स्वल्पविराम हे काम नव्हे. ते सबमिशनच्या महिन्यात करायचं.

पिपेट

मी केमिस्ट्रीवाला, त्यामुळे दुष्काळातलं काही कळत नाही. पण आमच्या लॅबमध्ये पूर्व साहित्याचा आढावा आधी लिहून घेतात, नाहीतर दुसऱ्याने केलेलंच आपण पुन्हा करत बसतो. मधूनच सुरू करा हा सल्ला सगळ्यांना लागू नाही.

निवृत्त_मास्तरीण

लागू नाहीच. तुमचा प्रयोग दुसऱ्या लॅबमध्ये होऊन गेला असू शकतो. या बाईंच्या मुलाखती कोण करून जाणार?

कीबोर्डबहाद्दर

मी एका विद्यापीठासमोर डीटीपीचं दुकान चालवतो, प्रबंधच जास्त येतात. मॅडम, एकच विचारतो, टायपिंग कशात चाललंय? श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आजच थांबा. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर मराठी दिसतच नाही, युनिकोडच लागतं. शेवटी कन्व्हर्टरमधून काढला की रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'ज्ञ' कुठेतरी गायब होतो, आकडे उलटेसुलटे होतात. मग सबमिशनच्या आदल्या आठवड्यात नवरा-बायको दोघं दुकानात बसून पानापानावर रफार शोधतात.

दहा टक्क्यांचं थोडक्यात: यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, 60 च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं हे मोजायचं नसतं. सलग 14 शब्दांपर्यंतचं किरकोळ साम्यही सोडतात. पण अवतरणचिन्हं सरळ, वाकडी, एकेरी, दुहेरी मिसळू नका. मशीन गोंधळतं आणि लोक माझ्याशी भांडतात.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. टायपिंग अर्धं श्रीलिपीतच आहे, उद्यापासून युनिकोड. दुर्गादेवी कापली. ऐंशीची सतरा पानं राहिली, जरा रडू आलं खरं. रात्री सुकडीवर दोन पानं झाली.

मास्तरीणबाई, एक राहिलं. मुलाखती मुख्य मजकुरात घ्यायच्या तर बायांची खरी नावं द्यायची का? काही जणींनी मुकादमाविषयी फार उघड बोललंय आणि त्याची नातवंडं गावातच आहेत.

निवृत्त_मास्तरीण

मुकादमाविषयी बोलल्या त्यांची नावं बदला. गावाऐवजी तालुका लिहा, वय अंदाजे द्या. प्रबंध मंजूर झाला की शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. तो गावातला पोरगाही मोबाईलवर उघडू शकतो. मुकादमाचंही नाव नको. ज्यांना स्वतःचं नाव छापून यावं असं वाटतं (अशा म्हाताऱ्या असतात, ठणकावून सांगतात), त्यांचं खरं नाव द्या, पण मुकादमाचा भाग वेगळ्या बदललेल्या नावाखाली ठेवा. खऱ्या-खोट्या नावांची यादी फक्त तुमच्याकडे राहू दे, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नको. परवानगीचा कागद मराठीत करा आणि वाचून दाखवा. अंगठा चालतो, पण रेकॉर्डिंगवर त्यांच्याच तोंडचं 'हो, छापा' असेल तर जास्त बरं. ज्यांचं राहिलं असेल त्यांच्याकडे लग्नसराई सुरू व्हायच्या आत जाऊन या, नंतर त्या घरी सापडायच्या नाहीत.