जुने व्हिडिओ गेम आजही का खेळावेसे वाटतात? सांगली-मिरजकरांचे अनुभव

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. आपल्याकडच्या घरांत तो पुढे नव्वदच्या दशकात, बहुतांशी नकलांच्या रूपाने पोहोचला: चपटे यंत्र, दोन रिमोट, पिवळी कॅसेट आणि टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत जाणारी वायर. हे आकर्षण निव्वळ बालपणाच्या ओढीचे असते, तर आज शाळेत जाणारी मुले त्या खेळांकडे वळली नसती, असे मला ठामपणे वाटते. म्हणून या धाग्यात केवळ आठवणी न सांगता, या खेळांत नेमके काय आहे जे अजून धरून ठेवते, हे प्रत्येकाने आपल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

मिरज

दुपारी जेवणाचे आवरून झाले की आई धाकट्या भावाशेजारी बसून रणगाड्यांचा खेळ खेळत असे. नामकोच्या १९८५ च्या या ‘बॅटल सिटी’त दोघांनी मिळून तळाशी विटांच्या आड बसलेल्या गरुडाचे रक्षण करायचे आणि प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे संपवायचे. आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच खिळून राहतो. नेमक्या त्याच वेळी गरुडाजवळची वीट फुटली की आमच्या घरातला आरडाओरडा शेजारच्या वाड्यात ऐकू जाई. ‘तू डावी बाजू धर, मी खाली थांबते’ असे बोलून ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. आज माझा मुलगा हेडफोन लावून दूरदेशीच्या अनोळखी मुलांशी खेळतो आणि त्याला मी नावे ठेवत नाही. परंतु आजी घरी आली की तो स्वतःहून तेच रणगाडे लावतो, कारण त्या खेळात आजीला काही समजावून सांगावे लागत नाही, आणि ती त्याच्यापेक्षा सरस खेळते.

सांगली, गणपती पेठ

मी टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. ‘डक हंट’ या पडद्यावरची बदके टिपण्याच्या खेळाची बंदूक बिघडली म्हणून लोक आजही दुकानात येतात, तेव्हा बंदूक बहुधा शाबूत असते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाश ओळखणाऱ्या भागाला तो दिसला, तर नेम लागला असे यंत्र समजते. बदके दोन असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात आणि उजेड कधी दिसला यावरून कोणते पडले ते ठरते. बंदूक काहीही सोडत नाही, ती फक्त बघते. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर चित्र तत्काळ उमटते, तर नव्या सपाट टीव्हीत ते किंचित उशिरा येते आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. इतक्या साध्या भागांतून इतकी चतुर युक्ती साधलेली पाहिली की या धंद्यात इतकी वर्षे काढूनही मला आनंद होतो. या खेळांसाठी मी १४ इंची जुना टीव्ही दुकानात मुद्दाम राखून ठेवला आहे. जाता जाता एक सांगतो: कॅसेटमध्ये फुंकर मारू नये. तोंडाच्या ओलीने तिचे धातूचे पाय, म्हणजे यंत्राशी जोडणाऱ्या पट्ट्या, गंजतात. खेळ चालू होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे.

विश्रामबाग

मी संगणकशास्त्र शिकवते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग निराळा. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती सुरुवात. मशरूम विटेतून बाहेर पडते, उजवीकडे जाते, पाइपला आपटते आणि खेळाडूकडेच परत येते. ते चांगले असते हे त्याला एक अक्षरही न वाचता कळते. शिकवणे कसे असावे, याचा हा नमुना मी वर्गात दरवर्षी दाखवते.

तासगाव

आमच्यासाठी सगळे काही पार्लरमधले ‘मुस्तफा’ होते, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यात तिघे एकदम खेळू शकत, आणि ज्याच्याकडे नाणे नसे तो मागे उभा राहून सल्ले देई.

सांगली, महाविद्यालयीन विद्यार्थी

मी या यंत्रांच्या काळात जन्मलोही नव्हतो, तरीही रोज ‘टेट्रिस’, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ, खेळतो. १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीत २९ व्या पातळीपासून ठोकळे दुप्पट वेगाने पडू लागतात आणि ती माणसाची मर्यादा आहे, असे बराच काळ मानले जाई. पुढे खेळाडूंनी अंगठा बटणावर ठेवून रिमोटच्या पाठीवर बोटांनी भराभर टिचक्या मारण्याची पद्धत शोधली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने १५७ व्या पातळीवर हा खेळच गोठवून दाखवला. खेळात कोणी काही बदलले नव्हते, बदलले ते खेळणारे. मला ओढ आहे ती याचीच. ती पद्धत मी सध्या शिकतो आहे, परंतु घरच्या टीव्हीवर बटण दाबणे आणि ठोकळा सरकणे यांत अंतर पडते. वर गणपती पेठेतील काकांनी ज्या १४ इंची टीव्हीचा उल्लेख केला आहे, त्यावर त्यांच्या सवडीने थोडा वेळ खेळू दिल्यास मी माझा रिमोट घेऊन येईन.